मज्जामानसशास्त्राच्या विद्यार्थ्याची पूर्वतयारी

अर्धांगवायूच्या झटक्यातून बरा झालेला एखादा गृहस्थ रुग्णालयातून घरी येतो. हातापायांत शक्ती परत आलेली असते, भूक लागते, झोप येते, डॉक्टरही समाधान व्यक्त करतात. आणि तरीही घरच्यांना काहीतरी बिनसल्याचे जाणवत राहते. दुकानाचा हिशेब जो माणूस तोंडी करीत असे त्याला आता दोन आकड्यांची बेरीज करताना घाम फुटतो. ताटलीकडे बोट दाखवून तो तिला वाटी म्हणतो. सकाळी कोण भेटून गेले ते त्याला दुपारी आठवत नाही. कुणी म्हणते वय झाले, कुणी म्हणते मनाला लावून घेतले, तर कुणी म्हणते अंगात आळस शिरला. यांतले खरे काय, नेमके किती बिघडले आहे, काय शाबूत आहे आणि जे शाबूत आहे त्याच्या आधारे पुढचे आयुष्य कसे उभे करता येईल, हे मोजूनमापून सांगण्याचे जे शास्त्र गेल्या दीडशे वर्षांत उदयास आले त्यास मज्जामानसशास्त्र म्हणतात. न्यूरोसायकॉलॉजी या इंग्रजी नावाने ते महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अधिक परिचयाचे आहे.

मेंदूविषयी तरुण मनाला मोठे कुतूहल असते आणि त्या कुतूहलापोटी या शास्त्राकडे वळू पाहणारे विद्यार्थी व विद्यार्थिनी आता लहान शहरांतूनही दिसू लागल्या आहेत. परंतु या वाटेवर पहिले पाऊल कोणते टाकावे, कोणते विषय घ्यावेत, किती वर्षे लागतील आणि शेवटी हाती काय येईल, याविषयी त्यांच्या आईवडिलांच्या मनात बराच संभ्रम असतो. मज्जाविकारतज्ज्ञ हा वैद्यक शिकलेला डॉक्टर असतो; तो मेंदूच्या रोगाचे निदान करून औषध देतो. मानसोपचारतज्ज्ञ हाही डॉक्टरच. मज्जामानसशास्त्रज्ञ मात्र मूळचा मानसशास्त्राचा अभ्यासक असतो. तो औषध लिहून देत नाही. स्मृती, अवधान, भाषा, दृष्टीने जागेचा अंदाज घेण्याची शक्ती, योजना आखण्याची व स्वतःला आवरण्याची क्षमता यांची तो प्रमाणित चाचण्यांनी परीक्षा घेतो, तिचा मेंदूच्या रचनेशी मेळ घालतो आणि त्यावरून अहवाल देतो. त्या अहवालावर कधी शस्त्रक्रियेचा निर्णय अवलंबून असतो, कधी पुनर्वसनाची दिशा, तर कधी एखाद्याने पुन्हा गाडी चालवावी की नाही हा प्रश्न.

या शास्त्राची पायाभरणी एका रुग्णाच्या शय्येपाशी झाली. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यविशारदाने एक असा रुग्ण पाहिला की ज्याला दुसऱ्याचे बोलणे बरेचसे कळत असे, परंतु त्याच्या तोंडून ‘तान’ या एका अक्षराखेरीज जवळजवळ काहीच निघत नसे. रुग्णाच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला असता डाव्या ललाटखंडात इजा आढळली. १८७४ साली कार्ल वेर्निके याने उलट प्रकारच्या रुग्णांचे वर्णन केले. ते अस्खलित बोलत, पण त्यांच्या बोलण्यात अर्थ लागत नसे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नसे. यांची इजा डाव्या शंखखंडात होती. भाषा ही एकजिनसी शक्ती नसून तिचे घटक मेंदूत निरनिराळ्या ठिकाणांशी निगडित आहेत, हे या दोन निरीक्षणांनी दाखवून दिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात रशियातील अलेक्झांडर लूरिया याने डोक्यात गोळी लागलेल्या सैनिकांवर उपचार करता करता या शास्त्राला पुनर्वसनाची जोड दिली. लूरिया प्रथम मानसशास्त्रज्ञ होता. मेंदूचा अभ्यास वैद्यकाशिवाय पुरा होणार नाही हे ध्यानी येताच प्रौढ वयात तो वैद्यक शिकला. स्मोलेन्स्कजवळ १९४३ साली जखमी झालेल्या झासेत्स्की नावाच्या सैनिकाची हकीकत त्याने पुस्तकरूपाने लिहिली आहे. वाचनाची शक्ती गमावलेल्या त्या सैनिकाने पंचवीस वर्षे खपून सुमारे तीन हजार पाने लिहून काढली. ती हकीकत या विषयाच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षीच वाचावी, म्हणजे आपल्यासमोर पुढे बसणार आहे तो नुसता बिघडलेला मेंदू नव्हे, बिघाडाशी झुंजणारा माणूस आहे, हे तो विसरणार नाही.

पूर्वतयारी कशी असावी हे समजण्यासाठी ब्रेंडा मिल्नर या विदुषीचे विद्यार्थिजीवन पाहणे उपयुक्त ठरेल. १९१८ साली मँचेस्टर येथे जन्मलेल्या मिल्नर १९३६ साली केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या त्या गणित शिकण्यासाठी. आपण उच्च प्रतीच्या गणिती होणार नाही हे लवकरच ओळखून त्यांनी मानसशास्त्र पत्करले आणि १९३९ साली पदवी घेतली. गणित सुटले तरी गणिताची शिस्त सुटली नाही. युद्धकाळात वैमानिकांची निवड करण्याच्या चाचण्यांवर त्यांनी काम केले. म्हणजे चाचणी कशी रचावी, तिचा निकाल किती विश्वासार्ह मानावा, याचे शिक्षण त्यांना रुग्णालयात पाऊल टाकण्यापूर्वीच मिळाले होते. १९४४ साली त्या कॅनडात गेल्या आणि माँट्रियल येथील फ्रेंच विद्यापीठात फ्रेंच भाषेतून मानसशास्त्र शिकवू लागल्या. तेथे सात वर्षे अध्यापन होत असतानाच मॅकगिल विद्यापीठात डोनल्ड हेब यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेटचा अभ्यास आरंभिला. हेब यांनी त्यांना विल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदाच्या रुग्णांचा अभ्यास करण्यास पाठविले. १९५२ साली डॉक्टरेट मिळाली तेव्हा त्यांचे वय चौतीस होते.

यानंतर जे घडले ते या शास्त्राच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण होय. अपस्मारावर उपाय म्हणून एका बाजूच्या शंखखंडाचा आतला भाग काढल्यावर पेनफिल्ड यांच्या दोन रुग्णांची स्मृती अनपेक्षितपणे ढासळली. दुसऱ्या बाजूचा तोच भाग शस्त्रक्रियेपूर्वीच नादुरुस्त असला पाहिजे, असा तर्क पेनफिल्ड व मिल्नर यांनी केला. तो वाचून हार्टफर्ड येथील विल्यम स्कोव्हिल यांनी कळविले की आपल्याकडेही असा एक रुग्ण आहे. तो रुग्ण म्हणजे हेन्री मोलेसन. १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग काढण्यात आला होता. १९५५ च्या एप्रिलमध्ये मिल्नर यांनी त्याची परीक्षा घेतली तेव्हा त्याने तारीख सांगितली ती मार्च १९५३ ची. त्याचा बुद्ध्यंक शस्त्रक्रियेपूर्वी १०४ होता, नंतर तो ११२ भरला. बुद्धी शाबूत होती, परंतु नवी आठवण म्हणून टिकत नव्हती. तथापि आरशात पाहून ताऱ्याच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरविण्याचे काम त्याला तीन दिवस दिले असता त्याचा हात दिवसेंदिवस सफाईने चालू लागला, आणि प्रत्येक वेळी हे काम आपण पूर्वी केल्याचे मात्र त्याला मुळीच आठवेना. प्रसंगांची स्मृती आणि हातवळणाची स्मृती या मेंदूत वेगवेगळ्या वाटेने चालतात, असा त्याचा अर्थ. १९५७ साली स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि दोन्ही बाजूंची अशी शस्त्रक्रिया पुढे कुणावर करू नये, हा इशाराही त्यातून सर्वांस मिळाला. मोलेसन २००८ साली वारला. तोपर्यंत पन्नासहून अधिक वर्षे तो संशोधकांना सहकार्य देत राहिला, आणि आपल्याशी बोलणारी व्यक्ती कोण हे त्याला दर खेपेस नव्याने सांगावे लागे.

या कथेतील यश प्रतिभेचे आहे हे खरे; परंतु तिच्यातील तयारीचा भाग कोणाही मेहनती विद्यार्थ्याला अनुसरता येण्याजोगा आहे. संख्येची शिस्त, चाचणीचे ज्ञान, रुग्णाच्या भाषेत बोलण्याची तयारी, जाणत्या माणसाच्या हाताखाली धीराने केलेली उमेदवारी आणि आपल्याला काय जमणार नाही याचा वेळीच केलेला स्वीकार, या पाच गोष्टी मिल्नर यांच्या आयुष्यात क्रमाने आल्या. महाविद्यालयाच्या चार वर्षांत यांची सुरुवात करता येते.

प्रथम विषयांची निवड. पदवीला मानसशास्त्र हा मुख्य विषय असावा हे सांगणे नलगे. त्याच्या जोडीस शारीरक्रियाशास्त्र वा प्राणिशास्त्र घेता आल्यास उत्तम. ज्यांनी बारावीपर्यंत कला शाखाच घेतली त्यांनी खचून जाण्याचे कारण नाही. मात्र मज्जापेशी कशी काम करते, मेंदूला रक्त पुरविणाऱ्या धमन्या कोणत्या व त्यांतली कोणती तुंबली असता कोणता भाग कोरडा पडतो, चारही खंडांची कामे कोणती, एवढे ज्ञान त्यांनी सुट्टीत स्वतः मिळविले पाहिजे. पुस्तकातील आकृती नुसती पाहू नये, ती न पाहता काढता येईपर्यंत पुनःपुन्हा काढावी. शहरात वैद्यकीय महाविद्यालय असेल तर तेथील शरीररचनाशास्त्राच्या संग्रहालयास प्राध्यापकांच्या अनुज्ञेने भेट द्यावी. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला मेंदू एकदा प्रत्यक्ष पाहिला की छापील चित्रातले कितीतरी गैरसमज दूर होतात.

दुसरी गोष्ट संख्याशास्त्राची. मानसशास्त्र घेतले म्हणजे गणितापासून सुटका झाली, अशी समजूत करून बसलेल्या विद्यार्थ्याने हा मार्ग धरू नये, किंवा ती समजूत तरी सोडावी. समजा, पंधरा शब्दांची यादी वाचून दाखविल्यावर एका वयोगटातील निरोगी माणसांना सरासरीने दहा शब्द आठवतात आणि प्रमाण विचलन दोनचे आहे. एका रुग्णाला सात आठवले. हा आकडा सरासरीच्या दीड विचलन खाली आहे. परंतु निरोगी माणसांतही शंभरांपैकी सहासात जण या पातळीवर किंवा तिच्याही खाली असतात. तेव्हा एकट्या या आकड्यावरून रोग सिद्ध होत नाही. याहून मोठा धोका पुढे आहे. निरोगी माणसांपैकी केवळ पाच टक्के ज्या रेषेखाली येतात तेथे दोषाची सीमा आखली आणि परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या घेतल्या, तर पूर्ण निरोगी माणूसदेखील त्यांपैकी निदान एका चाचणीत खाली येण्याचा संभव सुमारे चौसष्ट टक्के असतो. हे गणित ज्याला येत नाही तो परीक्षक धडधाकट माणसाला स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारून घरी पाठवील. आणि असा शिक्का एकदा बसला की घरातले लोक त्या माणसाच्या साध्या विसराळूपणाकडेही निराळ्या नजरेने पाहू लागतात.

तिसरी गोष्ट निरीक्षणाची व सेवेची. वृद्धाश्रम, विशेष मुलांच्या शाळा, अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी चालणारी व्यायामकेंद्रे अशा ठिकाणी आठवड्यातून काही तास नेमाने काम करणाऱ्या विद्यार्थ्याला जे शिकायला मिळते ते वर्गात मिळत नाही. ज्याचे शब्द अडखळतात त्याचे वाक्य आपण पुरे करू नये, शांत थांबावे. बहिऱ्या आजोबांना प्रश्न कळला नाही आणि आठवले नाही यांतला भेद ओळखावा. चष्मा घरी राहिला म्हणून वाचता आले नाही याची नोंद करावी. या लहान गोष्टींवरच पुढे निदानाची शुद्धता अवलंबून असते. मात्र या वयात एक मर्यादा कटाक्षाने पाळली पाहिजे. कुठून तरी हाती आलेली चाचणी आपल्या आजीवर वा शेजाऱ्यावर करून पाहणे आणि त्यावरून मत देणे हा अपराध आहे, असेच विद्यार्थ्याने समजावे. चाचण्यांतील प्रश्न गुप्त राखण्याचा दंडकही याच कारणासाठी आहे. एकदा ओळखीचा झालेला प्रश्न पुढे खऱ्या गरजेच्या वेळी निरुपयोगी ठरतो.

चौथी गोष्ट लेखनाची. मज्जामानसशास्त्रज्ञाचे बहुतेक काम शेवटी अहवालाच्या रूपाने उतरते आणि तो अहवाल डॉक्टर, शिक्षक, न्यायाधीश आणि रुग्णाचा मुलगा असे निरनिराळे लोक वाचतात. जे पाहिले ते आधी, त्यावरून काय अनुमान काढले ते नंतर, आणि दोहोंची सरमिसळ नाही, अशी शिस्त लावून घेण्यासाठी विद्यार्थ्याने रोज एक पान लिहावे. इंग्रजीत तर लिहावेच, पण मराठीतही लिहावे. ज्याला ललाटखंडाची कार्ये शिवणकाम करणाऱ्या बाईला तिच्या भाषेत समजावून सांगता येत नाहीत, त्याला ती स्वतःलाही पुरती समजलेली नसतात.

आता भाषेचा प्रश्न, आणि बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाच्या दृष्टीने तो सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. बहुतेक मूळ चाचण्या इंग्रजीत, शिकलेल्या शहरी लोकांसाठी तयार झाल्या. त्या जशाच्या तशा उचलल्या तर निकाल चुकतो. हरियाणातील बल्लभगढ भागात बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी स्मृतीची छोटी चाचणी हिंदीत आणली तेव्हा संशोधकांना ती पुष्कळशी नव्याने घडवावी लागली. तो निबंध १९९५ साली प्रसिद्ध झाला. शंभरातून सात सात वजा करण्याऐवजी वीसमधून तीन तीन वजा करण्यास सांगितले गेले. लिहिलेली आज्ञा वाचून पाळण्याऐवजी परीक्षक जे करील तसे करून दाखविण्यास सांगितले गेले. ज्याने कधी पाटी धरली नाही त्याला वाक्य लिहावयास सांगणे ही त्याच्या मेंदूची परीक्षा नव्हे. ती तो ज्या गरिबीत वाढला तिची परीक्षा होय. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचात सोळा ते पासष्ट वयाच्या लोकांसाठी वय, शिक्षण व स्त्रीपुरुष भेद यांनुसार वेगवेगळी मानके दिली आहेत, ती याच जाणिवेने. त्यात ठरावीक अक्षरापासून शब्द सुचविण्याची जी कसोटी आहे तिच्यासाठी इंग्रजी न जाणणाऱ्यास क, प, म ही अक्षरे दिली जातात.

मराठीचीही स्वतःची काही वळणे आहेत. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि वीस मागाहून. लिहिताना मात्र दोनाचा आकडा आधी पडतो. कन्नडमध्ये व तेलुगूत बोलतानाही वीस आधी येतात. ‘एकोणतीस’ म्हणताना मराठी माणूस तिसातून एक वजा करून बोलतो. ऱ्हस्व इकार अक्षराच्या डाव्या बाजूस लिहिला जातो आणि उच्चारला जातो नंतर. बेळगावातला व्यापारी मराठीत बोलतो, कन्नडमध्ये गिऱ्हाईक सांभाळतो. बडोद्याचा कारकून हिशेब गुजरातीत ठेवतो. ग्वाल्हेर-इंदूरच्या घरांतून मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात नांदतात. गोव्यात कोंकणी, मराठी आणि जुन्या पिढीत पोर्तुगीज. अशा माणसाच्या भाषेला इजा झाली असता कोणत्या भाषेत तपासावे, कोणती भाषा प्रथम परत येईल, आकडा उलटा लिहिला तो रोगामुळे की दोन भाषांच्या ओढाताणीमुळे, हे प्रश्न दोन भाषा अंगवळणी पडलेल्या परीक्षकालाच नीट सुटतात. सीमाभागातील वा परप्रांतातील मराठी विद्यार्थ्याला आपली दुभाषी स्थिती पुष्कळदा अडचणीची वाटते. या व्यवसायात तीच त्याची पुंजी आहे.

या संदर्भात हैदराबादेतील एक संशोधन ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तेथील निझाम वैद्यकीय संस्थेतील सुवर्णा अल्लाडी व त्यांचे सहकारी यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती अभ्यासली. त्यांपैकी ३९१ जण एकाहून अधिक भाषा बोलणारे होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या दुभाषी रुग्णांत रोगाची लक्षणे सरासरीने साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही आढळला. शिक्षणामुळेच हा फरक पडतो की काय, ही शंका त्यामुळे बरीचशी मागे पडली. दोन भाषांच्या अंगी रोग टाळण्याचे सामर्थ्य आहे, असे यावरून कुणी समजू नये. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, आणि हा भेद ओळखणे हेही विद्यार्थ्याच्या पूर्वतयारीतच मोडते. परंतु जगभर चर्चिला गेलेला हा प्रश्न हैदराबादसारख्या बहुभाषी शहरातच इतक्या स्पष्टपणे विचारता आला, ही गोष्ट आपल्याकडील तरुणांना उत्साह देणारी आहे.

यानंतर पदव्यांचा व व्यवसायाचा विचार. भारतात रुग्णाचे परीक्षण करणाऱ्या चिकित्सक मानसशास्त्रज्ञास १९९२ च्या कायद्याने स्थापित झालेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी करावी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही चिकित्सक मानसशास्त्रज्ञाची व्याख्या देखरेखीखालच्या प्रत्यक्ष रुग्णालयीन प्रशिक्षणाशी जोडलेली आहे. अर्थात नुसत्या एम.ए.च्या बळावर रुग्णसेवेचा फलक लावता येत नाही. आजवर पदव्युत्तर शिक्षणानंतर दोन वर्षांचा एम.फिल. हा रूढ मार्ग होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवी बंद करण्याचे ठरविल्यापासून या प्रशिक्षणाचे स्वरूप पालटत आहे. यास्तव विद्यार्थ्याने पदवीच्या नावापेक्षा दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे: त्या अभ्यासक्रमास पुनर्वसन परिषदेची मान्यता त्या वर्षी आहे काय, आणि त्यात अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे काम पुरेसे आहे काय. मान्यता नसलेल्या संस्थेत दोन वर्षे आणि आईवडिलांची बचत घालवून बसलेल्या विद्यार्थ्याला पुढे काही उपाय उरत नाही.

या क्षेत्रातील जुन्या संस्थांत रांचीचे केंद्रीय मनश्चिकित्सा संस्थान १९१८ सालचे आहे. बंगळूर येथे १९५४ साली सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था १९७४ साली जुन्या मनोरुग्णालयाशी एक होऊन निम्हान्स झाली. मज्जामानसशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण आपल्या देशात तेथे विशेष वाढले. बेळगावकरांना धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था जवळची आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून अपस्मारावर शस्त्रक्रिया होतात, आणि अशा शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची स्मृती व भाषा तपासणे अगत्याचे असते. मोलेसनच्या बाबतीत जे नंतर कळले ते आता आधी पाहिले जाते. या विशेष शाखेत पुढे जाऊ इच्छिणाऱ्याने चिकित्सक प्रशिक्षणानंतर डॉक्टरेट करावी. अमेरिकेत जावयाचे असल्यास तेथील मार्ग याहून लांब आहे. १९९७ साली ह्यूस्टन येथे भरलेल्या परिषदेने आखलेल्या धोरणानुसार डॉक्टरेट, तीतील रुग्णालयीन उमेदवारी आणि त्यानंतर आणखी दोन वर्षांचे विशेष प्रशिक्षण अशी तयारी अपेक्षिली जाते. पदवीपासून मोजले तर कोणत्याही देशात दहा वर्षांच्या आसपासचा काळ यात जातो, हे घरच्यांनी आधीच समजून घेतलेले बरे.

मग एवढी वर्षे घालवून प्रवेशच मिळाला नाही तर? हा आईवडिलांचा प्रश्न व्यवहारी आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देऊ नये. मान्यताप्राप्त प्रशिक्षणाच्या जागा थोड्या व उमेदवार पुष्कळ असतात. पहिल्या प्रयत्नात निवड न होणे हे नेहमीचेच आहे. परंतु वर सांगितलेल्या तयारीतील कोणतीही गोष्ट वाया जात नाही. संख्याशास्त्र जाणणाऱ्यास संशोधन प्रकल्पांत काम मिळू शकते. ज्याला मुलांमध्ये रस आहे त्याला विशेष शिक्षणाचा मार्ग आहे. बोलण्याच्या दोषांत रस असणाऱ्यास वाचोपचाराचे स्वतंत्र शिक्षण आहे. समुपदेशन व अध्यापन हीही सन्मानाची कामे आहेत. मिल्नर यांनी गणित सोडले तेव्हा त्यांनी आपली शक्ती ओळखली होती. दिशा बदलणे म्हणजे पराभव, असे विद्यार्थ्याच्या मनावर घरच्यांनी बिंबवू नये.

शेवटी एका गुणाचा उल्लेख केला पाहिजे, जो कोणत्याही अभ्यासक्रमात नमूद नसतो. ज्याची परीक्षा घ्यावयाची तो बहुधा घाबरलेला असतो. ज्याने चाळीस वर्षे दुकान चालविले, शाळा चालविली, शेत पिकविले, त्याला समोरचा एक तरुण आजचा वार विचारतो आणि त्याला तो सांगता येत नाही. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जी लाज उमटते ती पाहून ज्याचा स्वर आपोआप मऊ होतो, ‘काका, घाई नाही, सावकाश सांगा’ असे जो त्याच्याच बोलीत म्हणतो आणि तरीही मिळालेला आकडा वाढवून वा घटवून न लिहिता जसाच्या तसा लिहितो, तो या व्यवसायास योग्य माणूस. आपल्या वस्त्यांतून वृद्धांची संख्या वाढत आहे, अपघात होत आहेत, अर्धांगवायूतून वाचणारे लोक पूर्वीपेक्षा अधिक आहेत. त्यांची पारख त्यांच्या भाषेत करणारी माणसे मात्र फार थोडी आहेत. आज महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात बसलेल्या एखाद्या मुलीने मेंदूची आकृती काढायला, संख्याशास्त्राचे उदाहरण सोडवायला आणि शेजारच्या आजोबांचे बोलणे मध्ये न तोडता ऐकायला सुरुवात केली, तर दहा वर्षांनी त्या थोड्यांत एकाची भर पडेल.